वर्दीच्या आधी वही

इंदूरच्या भंवरकुआं चौकात सकाळी नऊ-साडेनऊला उभं राहून बघा, पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली, अशी पोरं-पोरी कोचिंगचे जिने चढत-उतरत असतात, खरगोन, बडवानी, धार, झाबुआ, कुठून कुठून आलेली, आणि वर बोर्डच बोर्ड, पटवारी (म्हणजे तलाठी), एमपीपीएससी (राज्याचा लोकसेवा आयोग), बँक, एसआय (सबइन्स्पेक्टर), कॉन्स्टेबल. यातली पोलीसवाली पोरं ओळखायला सोपी. पहाटे चिमणबागेत नाहीतर दुसऱ्या कुठल्या मैदानावर धावून, पोहे खाऊन, तशीच घामेजलेल्या टी-शर्टात क्लासला आलेली असतात. 800 मीटर 2 मिनिटं 45 सेकंदांत, ही मुलांची जुनी अट तिथल्या चहावाल्यालाही पाठ असेल. लांब उडी, गोळाफेक, जीके, रिझनिंग, झालं, पोलीसची तयारी म्हणजे एवढंच. आता नोकरी मिळवायला हे लागतंच, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण नोकरी मिळाल्यावर माणूस दिवसचे दिवस जे काम करतो त्याची तयारी यातल्या एकाही बोर्डाखाली होत नाही. ते काम म्हणजे लिहिणं. हे मी का म्हणतेय ते सांगते, जरा लांबण लागेल.

मी सरकारी वकील होते. आमच्या मध्य प्रदेशात त्याला एडीपीओ म्हणतात, सहायक जिल्हा लोक अभियोजन अधिकारी, एवढं लांबलचक नाव कोर्टात कोणी घेत नाही. एलएलबी करायचं, एमपीपीएससीची परीक्षा द्यायची आणि मग मॅजिस्ट्रेटसमोर सरकारच्या बाजूने उभं राहायचं, पोलिसांनी आणलेलं चालान हातात घेऊन. इकडे चार्जशीटला सगळे चालानच म्हणतात. म्हणजे गंमत अशी की गुन्हा केला कोणी तिसऱ्याने, तपास केला ठाण्यातल्या विवेचकाने, म्हणजे तपास अधिकाऱ्याने, आणि केस पडली की तोंड दाखवायचं आम्ही. त्यामुळे पोलिसांचे कागद मी जितक्या बारकाईने आणि जितक्या संतापाने वाचलेत तितकं आयुष्यात दुसरं काही वाचलेलं नाही, कादंबऱ्या तर नाहीच.

आता रिटायर होऊन राजेंद्र नगरात निवांत असते, तर मध्ये बहिणीचा फोन आला, की अगं लेकीला जरा समजाव, बारावीला एवढे चांगले मार्क आणि म्हणते क्रिमिनॉलॉजी करायचंय, पोलिसात जायचंय. आपल्या इंदूरच्या मराठी घरांचं एक ठरलेलं असतं बघा, होळकरांच्या काळात दफ्तरात, नंतर शाळेत, बँकेत, एलआयसीत, वीज मंडळात, आणि आता आयटी करून पुण्याला. वकील चालतो, जज तर फारच चालतो, पण पोलीस म्हटलं की चेहरा पडतो. बहीण म्हणाली, "करणार काय ती, चोरांच्या मागे पळणार?" मी म्हटलं पाठव तिला माझ्याकडे.

भाची आली ती मोबाइलमध्ये पंचवीस टॅब उघडूनच. मावशी हे बघ, मावशी ते बघ, क्रिमिनल प्रोफायलिंग, सायबर फॉरेन्सिक, ऑनलाइन सर्टिफिकेट, आठवड्यात डिटेक्टिव्ह. मी म्हटलं थांब, आठवड्यात डिटेक्टिव्ह होता आलं असतं तर माझ्या अर्ध्या केसेस पडल्या नसत्या. आधी जवळचं बघ.

जवळचं म्हणजे आपल्याच राज्यातलं सागर शहर. आपल्याकडे लोकांना वाटतं हे असले विषय फक्त अमेरिकेत शिकवतात, पण सागर युनिव्हर्सिटीत क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक सायन्सचा विभाग 1959 पासून आहे, देशातल्या सगळ्यात जुन्या विभागांपैकी. ही युनिव्हर्सिटी 1946 साली हरिसिंग गौर यांनी स्वतःच्या कमाईतून काढली, आणि ती कमाई वकिलीची होती, नागपूरकडे गाजलेले वकील, इंडियन पिनल कोडवर जाडजूड भाष्य लिहिलेले. फौजदारी कायद्यातून आलेल्या पैशावर उभ्या राहिलेल्या जागी गुन्हेगारीचा अभ्यास व्हावा हे मला फार योग्य वाटतं. त्याच सागरात राज्याची पोलीस अकादमी आणि मोठी फॉरेन्सिक लॅब. आमच्या कोर्टात 'सागर रिपोर्ट आला का' हा प्रश्न इतक्या वेळा विचारला जायचा की नवीन कारकुनाला सागर हे कोणा साहेबाचं नाव वाटलं होतं. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे टिसमध्ये, क्रिमिनॉलॉजी आणि जस्टिस शिकवतात, गांधीनगरला फॉरेन्सिक युनिव्हर्सिटी आहे जिचा भोपाळलाही कॅम्पस आहे, आणि गांधीनगरजवळच लवाडला राष्ट्रीय रक्षा युनिव्हर्सिटी, दोन्ही 2020 पासून राष्ट्रीय दर्जाच्या. म्हणजे दारं आहेत, पण भंवरकुआंच्या बोर्डांवर ती दिसत नाहीत, कारण भरतीत या डिग्रीचं वेगळं वजन नाही. कॉन्स्टेबलला शाळेचं शिक्षण पुरतं, सबइन्स्पेक्टरला कुठलीही पदवी. तू तीन वर्षं गुन्ह्यांचा अभ्यास केलास आणि शेजारच्याने बीकॉम केलं, तर परीक्षेच्या हॉलमध्ये दोघं सारखेच. हे मी तिला आधीच सांगून टाकलं.

मग शिकायचं कशाला, ती म्हणाली. प्रश्न रास्त आहे आणि तो काही आजचा नाही. कॅलिफोर्नियात बर्कले गावचे पोलीस चीफ होते ऑगस्ट व्होल्मर, स्वतःचं शालेय शिक्षण जेमतेम, पण त्यांनी 1908 मध्ये आपल्या शिपायांसाठी शाळा काढली आणि पुढे युनिव्हर्सिटीत पोलिसांसाठी कोर्स सुरू करायला लावले. त्या काळात तिकडे पोलीस म्हणजे राजकारण्यांच्या ओळखीने लागलेला आडदांड गडी, त्याला पुरावा, कायदा, थोडं रसायनशास्त्र आलं पाहिजे हे म्हणणं म्हणजे वेडेपणा. नंतर 1968 पासून अमेरिकन सरकारने पोलिसांच्या कॉलेजशिक्षणासाठी भरपूर पैसा ओतला आणि मग काय झालं असेल ते आपल्याकडच्या कोणालाही न सांगता कळेल. पैसा दिसला की कॉलेजं उगवतात. गावोगाव क्रिमिनल जस्टिसचे विभाग, शिकवायला रिटायर झालेले पोलीस अधिकारी, आणि वर्गात त्यांचे 'आमच्या वेळी' किस्से. 1978 मध्ये लॉरेन्स शर्मन यांच्या आयोगाने स्पष्ट लिहिलं की यातलं बरंचसं शिक्षण अरुंद आहे, नोकरीचं ट्रेनिंगच कॉलेजच्या नावाखाली दिलं जातंय. इंग्लंड-वेल्सने तर काही वर्षांपूर्वी ठरवलं की नवीन पोलीस डिग्रीवालाच हवा, नसेल तर नोकरी करता करता डिग्री घ्यावी, त्यावर पोलिसांतूनच ओरड झाली, एक चीफ कॉन्स्टेबल तर कोर्टात गेले आणि हरले, आणि 2024 मध्ये बिनडिग्रीचा रस्ता परत उघडला. नॉर्वेत मात्र तीन वर्षांची बॅचलर डिग्री घेतल्याशिवाय पोलीस होता येत नाही, आणि त्यातलं मधलं वर्ष प्रत्यक्ष कामात जातं.

तर डिग्री हवी की नको यावर शहाणे लोक अजून भांडतायत. मी त्यात पडत नाही. मी कोर्टात जे बघितलं ते सांगते.

ठाण्यात दिवस कसा जातो बघा. फरियादी आला की त्याचं ऐकून एफआयआर लिहायची. विवेचक आधी घटनास्थळी पोचला तर तिथेच बसून देहाती नालिशी, म्हणजे जागेवरची फिर्याद, लिहायची, तिला मग ठाण्यात नंबर पडतो. रोजनामच्यात कोण किती वाजता गेलं, कधी आलं. कोणी संशयास्पद मेलं तर मर्ग, म्हणजे त्या मृत्यूची नोंद, मग पंचांसमोर नक्शा पंचायतनामा, म्हणजे प्रेताचा पंचनामा. नक्शा मौका, म्हणजे घटनास्थळाचा नकाशा, वेगळा. जप्तीपत्रक, अटकपत्रक, साक्षीदारांचे जबाब, आरोपीने काही काढून दिलं तर मेमोरेंडम, मालखान्याच्या (जप्त मुद्देमालाच्या खोलीच्या) रजिस्टरची एंट्री, आणि या सगळ्यावर केस डायरी, ज्यात त्या त्या दिवशी तपास किती वाजता सुरू केला, कुठे कुठे गेलो, किती वाजता बंद केला हे लिहावंच लागतं. पळापळी होते, लाठी-बंदूकही असते, पण एका मारामारीमागे कागदांची ही अशी चळत. आणि ही चळत लिहितो कोण, तर रात्रभर बंदोबस्तावर उभा राहिलेला माणूस, सकाळी पाच वाजता, अर्ध्या झोपेत, मुंशीने मागच्या केसची फाइल समोर ठेवलेली, नाव-गाव बदलून तेच उतरवायचं.

त्याचा परिणाम आमच्या टेबलावर यायचा. एका मारहाणीच्या केसमध्ये पाच साक्षीदार, भाजीवाला, शिंपी, एक कॉलेजचा मुलगा, एक आजी आणि एक रिक्षावाला, पाचही जण 'मी घरगुती कामानिमित्त बाजारात जात असताना' असंच सुरू करतात आणि पाचही जबाबांत एकाच शब्दाची एकच स्पेलिंग मिस्टेक. बचावाच्या वकिलाने काही विचारलंच नाही, नुसते पाच कागद शेजारी-शेजारी ठेवून साहेबांना दाखवले. दुसरी एक, बटनदार चाकूची जप्ती. ठाणं कुठलं ते सोडून द्या. पंच म्हणून सही ठाण्याबाहेरच्या चहाच्या टपरीवाल्याची. उलटतपासात विचारलं, भैया आतापर्यंत किती केसमध्ये पंच झालात, तर तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला, मोजलं नाही साहेब, चहा द्यायला गेलो की सही घेतात. कोर्टात हशा. मी पण हसले, काय करणार. पण चाकू खरा होता हो, आणि ज्याच्या पोटाला तो लागला होता तो माणूस मागच्या बाकावर बसलेला होता, तो नव्हता हसला.

उलट एक केस कायम लक्षात राहिली. रात्री चेन ओढली, बाईने चोराचा चेहरा बघितला असं ती म्हणते, बचाव म्हणतो अंधार होता, बघणार कशी, आणि अशा केसेस इथेच संपतात. ही केस एका नवीन सबइन्स्पेक्टर मुलीकडे होती. तिचा नक्शा मौका मी उघडला आणि बघतच राहिले. बाई उभी होती तो ओटा, तिथून विजेचा खांब किती मीटर, खांबाची बत्ती कोणत्या तोंडाला, समोरच्या किराणा दुकानाचा बल्ब कुठे, चोर कुठल्या बाजूने आला, दिशा, अंतरं, सगळं. एवढंच नाही, तिने वीज कंपनीच्या लाइनमनचा जबाब घेतलेला, की त्या रात्री त्या खांबाची बत्ती चालू होती, तक्रार नव्हती. बचावाच्या वकिलाने अंधार काढला, मी खांब काढला, शिक्षा झाली. नंतर व्हरांड्यात मी तिला विचारलं की हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं का, तर म्हणाली, नाही मॅडम, पापा पटवारी होते, लहानपणी त्यांच्याबरोबर शेतात जरीब, म्हणजे जमीन मोजायची साखळी, धरायला जायची.

हे भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे कॉलेजात हे मिळतच नाही, मग कॉलेज कशाला? मी म्हटलं असं नाही, पटवारी बाप प्रत्येकीला नसतो. जे कोणाला नशिबाने मिळालं ते बाकीच्यांना शिकवायचं म्हणून तर कॉलेज.

मग मी तिला एक काम दिलं. संध्याकाळी राजेंद्र नगरच्या बाजारात जा, एका जागी उभी राहा, पंधरा मिनिटं, आणि घरी येऊन काय बघितलं ते एका पानावर लिही. मोबाइल काढायचा नाही. आली, लिहिलं, छान अक्षर, छान भाषा, शाळेत निबंधात बक्षीस मिळायचं हे लगेच कळावं असं. तिसऱ्या ओळीत 'एक संशयित इसम एटीएमजवळ घुटमळत होता'. मी लाल पेनाने गोल केला. संशयित कोणी सांगितलं तुला? म्हणे, मावशी तो बघ ना, सारखा इकडे तिकडे बघत होता. मग तेच लिही की, इकडे तिकडे बघत होता, किती वेळ, कुठे उभा होता. मग 'दारू प्यायलेला वाटत होता'. वास आला का? नाही. चालताना झोकांड्या? नाही, डोळे लाल होते. मग डोळे लाल होते एवढंच तुझं, दारू तुझी नाही, डोळे यायची साथ पण असू शकते. मग 'गरीब घरातली बाई'. मग 'नवरा-बायको भांडत होते'. नवरा-बायको कशावरून, बहीण-भाऊ नसतील? तासभर हे चाललं, शेवटी त्या पानावरचं निम्मं खोडलं गेलं आणि भाची रडकुंडीला आली. म्हणाली, मग उरलं काय?

उरलं ते कोर्टात टिकतं. बघितलेलं आणि त्यावरून वाटलेलं हे दोन वेगळ्या रकान्यांत ठेवता येणं, यालाच माझ्या मते पोलिसाचं शिक्षण म्हणावं, आणि ते मैदानावर धावून येत नाही, जीकेच्या गाइडात नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्या शाळेत तर उलटच शिकवतात, सजवून लिही, भावना घाल. चांगल्या क्रिमिनॉलॉजीच्या वर्गात तीन वर्षं हेच घासून घेतात, सर्व्हे करा, मुलाखत घ्या, जे ऐकलं ते तसंच लिहा, निष्कर्ष खाली वेगळा.

दुसऱ्या वेळी आली ती पुस्तकाचा फोटो घेऊन, लोम्ब्रोसो म्हणून कोणी इटालियन डॉक्टर. 1876 मध्ये त्याने मांडलं की गुन्हेगार जन्मतःच तसा असतो आणि ते कवटीवरून, जबड्यावरून, कानांवरून ओळखता येतं. तिला हसू येत होतं, असलं काय शिकवतात मावशी, हे तर चूक ठरलंय. मी म्हटलं हसू नकोस, इटलीत चूक ठरलं असेल, आपल्याकडे ते अजून ड्यूटीवर आहे. इंग्रजांनी तर त्याच्याही आधी, 1871 ला, क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट आणला, जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार म्हणून रजिस्टरात, हजेरी द्यायची, पासशिवाय गाव सोडायचं नाही. 1952 मध्ये तो कायदा गेला, पारधी, कंजर, सांसी असे कितीतरी लोक कागदावर मोकळे झाले, म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. पण कॉलनीत घरफोडी झाली की आधी गाडी कुठे जाते? डेऱ्यावर, म्हणजे यांच्याच वस्तीवर. तिथून चार पोरं उचलली की पेपरात बातमी, की पोलिसांनी चोवीस तासांत छडा लावला. यातला माणूस दुष्टच असतो असं नाही, त्याला वरून प्रेशर असतं आणि डोक्यात जो समज आहे तो त्याला समज वाटतच नाही, अनुभव वाटतो. आता त्याने कॉलेजात लोम्ब्रोसो वाचला असता, हा कायदा कसा आला-गेला ते वाचलं असतं, तर निदान एकदा तरी थबकला असता की मी पुराव्यामागे चाललोय की जातीमागे. म्हणून मी थिअरीच्या विरोधात अजिबात नाही. पोलिसात लोक म्हणतात ना, किताबी बातें मत करो, मला वाटतं किताबी बातें जरा जास्त कराव्यात.

आणि आता तर कायद्यानेच काम बदललंय. 1 जुलै 2024 पासून नवीन फौजदारी संहिता लागू झाल्या, त्यात झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं, म्हणजे आमचा तो चहाची टपरीवाला आता कॅमेऱ्यात तरी दिसला पाहिजे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी फॉरेन्सिकचा माणूस जाणं आवश्यक केलंय, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे, म्हणजे येत्या काळात सायन्स शिकलेली मुलं प्रत्येक जिल्ह्यात लागणार. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फरियादीला किंवा पीडिताला कळवायचं. आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं तर विचारूच नका. जालन्याच्या निवडणुकीचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, उमेदवारी अर्ज वेळेत भरला की वेळ संपल्यावर हा वाद, आणि मुद्दा येऊन अडकला तो निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या व्हिडिओवर. 2020 मध्ये कोर्टाने सांगितलं की मूळ उपकरण समोर आणता येत नसेल तर नकलेसोबत तिच्याबद्दलचं सर्टिफिकेट हवंच. नवीन पुरावा कायद्यात त्या सर्टिफिकेटचा नमुनाच दिलाय, दोन भाग, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे बोटाच्या ठशासारखी तिची आकडा-अक्षरांची खूण, लिहायची. आता विचार करा, जप्तीपत्रकावर चाकूची लांबी लिहायला विसरणाऱ्या आपल्या हवालदारसाहेबांनी हॅश व्हॅल्यू लिहायची आहे. ती त्यांना कोणीतरी नीट, माणसाच्या भाषेत शिकवायला नको?

इथे मला रुस्तमजींची आठवण येते. के. एफ. रुस्तमजी, कामठीत जन्मलेले, आपल्या मध्य प्रदेशचे पोलीसप्रमुख होते आणि मग बीएसएफचे पहिले डायरेक्टर जनरल. इंदूरच्या आर्म्ड पोलीस ट्रेनिंग कॉलेजला त्यांचंच नाव आहे, आरएपीटीसी म्हणतो ते, त्यातला आर म्हणजे रुस्तमजी, हे रोज समोरून जाणाऱ्यांना माहीत नसतं. हा माणूस रिटायर झाल्यावर नॅशनल पोलीस कमिशनचा मेंबर म्हणून बिहारच्या जेलमध्ये गेला, तिथे वर्षानुवर्षं खटल्याविना सडणारे कैदी बघितले, ज्या गुन्ह्याचा आरोप त्याच्या जास्तीत जास्त शिक्षेपेक्षाही जास्त काळ आत असलेले, आणि जानेवारी 1979 मध्ये इंडियन एक्सप्रेसमध्ये ते लिहिलं. ते वाचून कपिला हिंगोरानी या वकीलबाईंनी सुप्रीम कोर्टात अर्ज केला, तीच हुसेनारा खातून केस, जिच्यामुळे हजारो कच्चे कैदी सुटले आणि लवकर खटला चालणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. एलएलबीच्या पहिल्या वर्षाला सगळे ही केस पाठ करतात, पण तिची सुरुवात एका पोलिसाने बघितलेलं जसंच्या तसं लिहून काढलं तिथून झाली हे वर्गात कोणी सांगत नाही.

भाचीच्या डोक्यात पोलीस म्हणजे वर्दी आणि जीप एवढंच होतं, ते हळूहळू पसरतंय. मी तिला म्हटलं हा अभ्यास करून जायच्या जागा बऱ्याच आहेत ग, एसआय हो, एमपीपीएससी देऊन डीएसपी हो, पुढे एलएलबी केलंस तर माझ्यासारखी एडीपीओ नाहीतर सिव्हिल जज, सायन्स घेतलंस तर लॅब. आणि ज्याकडे कोणी बघत नाही ते जेल, प्रोबेशन आणि मुलांचं काम. 1958 चा प्रोबेशनचा कायदा आहे, पहिल्यांदा चुकलेल्याला जेलऐवजी देखरेखीत सोडायचा, पण त्यासाठी रिपोर्ट लिहिणारा प्रोबेशन ऑफिसर लागतो, आणि तो रिपोर्ट चार ओळींचा असेल तर मॅजिस्ट्रेट तरी काय करतील. इंदूरला खुली जेल आहे, कैदी कुटुंबासकट राहतात, दिवसा बाहेर काम करतात, आपल्या औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून हा प्रयोग स्वातंत्र्याआधी केलेला. इथे काम करायला समाजशास्त्र आलेली माणसं लागतात, गोळाफेकवाली नाहीत.

आणि मुलींनी पोलिसात जावं का, हा जो बहिणीचा खरा प्रश्न आहे आणि जो ती सरळ विचारत नाही, त्याचं उत्तर आपल्या एमपीतच आहे. इथल्या ठाण्यांमध्ये महिलांसाठी ऊर्जा डेस्क केले ना, त्यावर संशोधकांनी 180 ठाण्यांचा अभ्यास केला आणि तो 2022 मध्ये सायन्स या नियतकालिकात आला. डेस्क असलेल्या ठाण्यांत बायकांच्या तक्रारी जास्त नोंदल्या गेल्या, आणि एफआयआर लिहून घेण्यात फरक पडला तो मुख्यतः जिथे डेस्कवर महिला अधिकारी होत्या तिथे. नीट वाचा, गुन्हे वाढले असं नाही, जे आधी 'घरचं आहे, घरी मिटवा' म्हणून परत जायचं ते कागदावर आलं. बहिणीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, ते ठीक आहे, पण नाइट ड्यूटीचं काय. मी म्हटलं नाइट ड्यूटी तुझ्या पुण्याच्या आयटीवाल्या भाच्याला पण आहे, अमेरिकेच्या वेळेने, त्याचं तर तू कौतुक करतेस. यावर ती काही बोलली नाही, चहा टाकायला उठली.

आता भाचीने सागरसाठी सीयूईटी, म्हणजे केंद्रीय युनिव्हर्सिट्यांची प्रवेश परीक्षा, दिली आहे, शिवाय दोन-तीन खासगी कॉलेजांचे फॉर्म आणलेत, इंदूरातच राहता येईल म्हणून आईचा जोर तिकडे. त्यांची माहितीपत्रकं माझ्यासमोर पडली आहेत आणि मी सवयीने चालान वाचावं तशी वाचतेय. मुलांना घेऊन पोस्टमॉर्टेमला, जेलमध्ये, कोर्टात नेतात का, आणि किती वेळा, हे विचार म्हटलं. शिकवणारे कोण आहेत, नुसते किस्सेवाले की शिकवता येणारे. वर्षभरात मुलांकडून लिहून किती घेतात आणि ते कोणी तपासतं का. एका कॉलेजच्या पत्रकात पहिल्या पानावर जीपला टेकून उभी, काळे चष्मे घातलेली सहा मुलं आहेत, शेवटच्या पानावर फीचा तक्ता, आणि मधल्या चौदा पानांत एकाही शिक्षकाचं नाव नाही. ते मी बाजूला काढून ठेवलंय, बहीण आली की तिलाच दाखवते.